दीड अंशाने तापमान वाढलं तर तब्येतीला काय होणार?

तुमचा प्रश्न असा, की सकाळ-दुपारच्या तापमानात रोजच दहाएक अंशांचा फरक पडतो, मग पृथ्वीची सरासरी दीड अंशाने वाढली तर त्यात आजारी पडण्यासारखं काय आहे?

शंका रास्त आहे, मलाही पूर्वी असंच वाटायचं. पण सरासरी जराशी सरकली की टोकाचे दिवस कितीतरी वाढतात, आणि माणसं दगावतात ती त्या दिवसांत.

हवा त्वचेपेक्षा, म्हणजे साधारण 35 अंशांहून गरम झाली की शरीराकडे घाम हा एकच उपाय उरतो. तो नुसता येऊन भागत नाही, सुकावा लागतो. दमट हवेत शर्ट पाठीला चिकटतो, पाणी जातं, मीठ जातं आणि अंग काही निवत नाही. इकडे हृदय जास्तीत जास्त रक्त कातडीकडे ढकलत असतं, त्यामुळे मूत्रपिंडांच्या वाट्याला कमी येतं. धडधाकट माणूस हे निभावून नेतो, कारण रात्री गारवा मिळतो. रात्रही तापलेलीच राहिली तर दुसरा दिवस आदल्या दिवसाच्या थकव्यावरच सुरू होतो. म्हणून मी बातम्यांत दुपारच्या कमाल आकड्याआधी रात्रीचा किमान आकडा बघतो.

मृत्यूच्या दाखल्यावर 'उष्णता' सहसा येतच नाही, हृदयविकार येतो. 2003 च्या उन्हाळ्यात युरोपात 70,000हून अधिक जास्तीचे मृत्यू झाले, हे नेहमीच्या वर्षांशी ताळा घेतल्यावर कळलं.

डासांचं गणित वेगळं. डेंग्यूचा विषाणू डासाच्या पोटातून लाळेपर्यंत पोचायला काही दिवस जातात. गार हवेत बरेच डास त्याआधीच मरतात, उबेत विषाणू लवकर पोचतो. मात्र फार कडक उन्हात डासही टिकत नाहीत, तेव्हा 'गरमी वाढली की डेंग्यू वाढणारच' असं कुणी सरसकट म्हणालं तर लगेच मान डोलावू नका. पुरानंतरचे जुलाब, कॉलरा हे तर जुनेच, पुरांबरोबर तेही वाढतात.

घरात कुणी लघवी वाढवणाऱ्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या घेत असेल तर उन्हाळ्याआधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. काहींनी अंगातलं पाणी कमी होतं, काहींनी घामच कमी येतो. आपल्या मनाने गोळी बंद करू नका. आणि खोलीतली हवा 40 अंशांच्या वर गेली असेल तर पंख्यावर विसंबू नका, तो गरम झळच अंगावर मारतो. त्यापेक्षा अंग ओलं करा.