मंडईच्या ओट्यावरून

दांडिया बाजार, बडोदे

प्रिय बाळ,

अनेक उत्तम आशीर्वाद.

स्वारगेटला जायचे असताना तू मेट्रोतून एक स्थानक आधीच उतरलीस, वर येताच पाऊस लागला म्हणून आडोसा शोधत मंडईत शिरलीस, आणि मुलाखत दीड तास पुढे गेल्याचा निरोप आल्यावर तो सगळा वेळ तिथेच काढलास, हे वाचून मला फार बरे वाटले. पुण्याची महात्मा फुले मंडई पाहून ये, असे मी वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना सांगत आलो. ठरवून गेलेली मुले बहुधा रस्त्याच्या पलीकडे उभी राहून मनोऱ्याचे रेखाटन करीत आणि तासाभरात परत फिरत. तुला पावसाने आत अडकवून ठेवले, आणि मंडई आतूनच पाहावी लागते.

तू पाठवलेली एकेचाळीस छायाचित्रे मी काल रात्री एकेक करून पाहिली. मनोरा, टोकदार कमानी, दगडी भिंतींच्या कडा, छपराखालच्या कैच्या (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी चौकटी), वरून तिरपा उतरणारा प्रकाश हे सगळे तू चांगले टिपले आहेस. मात्र मी थांबलो तो चौतिसाव्या छायाचित्रापाशी. त्यात तुझा नेम छपरावर होता, पण कॅमेरा थोडा खाली झुकला आणि डाव्या कोपऱ्यात एका भाजीवालीचा अर्धा चेहरा, हिरव्या बांगड्यांचा हात आणि मेथीच्या जुड्यांवर टाकलेले ओले गोणपाट आले. तो हात गोणपाटावर पाणी शिंपडत आहे. या पत्रात मला जे सांगायचे आहे ते त्या कोपऱ्याविषयी आहे.

आधी इमारतीबद्दल थोडे. पुण्याचा भाजीबाजार पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या मैदानात भरत असे. तो छपराखाली आणण्यासाठी ही मंडई बांधली गेली आणि १८८६ साली ती उघडली. मुंबई इलाख्याचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून तिला रे मार्केट म्हणत. फर्ग्युसन महाविद्यालयाच्या इमारतीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे त्या वासुदेव बापूजी कानिटकरांनी हे बांधकाम केले. शैली गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या जुन्या युरोपीय वळणाची असली तरी त्या शब्दावर फार वेळ घालवू नकोस, कारण भाजीवालीला शैलीशी काही कर्तव्य नसते.

तिला कर्तव्य असते ते ऊन, वारा, पाणी आणि गिऱ्हाईक यांच्याशी. मध्यभागी उंच अष्टकोन आणि त्याच्या बाजूंतून निघालेले लांबट बाहू अशी मांडणी का केली असेल, याचा विचार या चार गोष्टी मनात धरून करून पाहा. तेवढेच क्षेत्रफळ एका प्रचंड चौकोनी दालनात घेतले असते, तर मधल्या विक्रेत्यांना दिवसाही अंधारात बसावे लागले असते आणि हवा कोंडून पालेभाजी दुपारच्या आत मान टाकून बसली असती. अरुंद बाहूला दोन्ही अंगांनी भिंत मिळते, म्हणून उजेड आणि वारा दोन्हीकडून येतात. माणसांच्या आणि भाजीच्या उबेने तापलेली हवा वर चढते आणि उंच मधल्या भागाकडे निघून जाते. गिऱ्हाईक मध्यावर उभे राहिले की त्याला सगळ्या गल्ल्या एका जागेवरून दिसतात; कांद्याकडे वळायचे की फळांकडे, हे त्याला कोणाला विचारावे लागत नाही. तू ज्याला 'भव्य अवकाश' म्हटले आहेस, तो मुळात पालेभाजी ताजी ठेवण्याचा आणि गर्दीला वाट दाखवण्याचा उपाय आहे. तो देखणाही झाला, हे बांधणाऱ्याचे कौशल्य.

आता त्या ओट्याकडे ये. बाई मांडी घालून उंचावर बसली आहे आणि तिच्यापुढे भाजी पायरीपायरीने उतरत गिऱ्हाइकाच्या हाताशी आली आहे. बसलेल्या बाईची आणि उभ्या गिऱ्हाइकाची नजर जवळजवळ एका पातळीवर भिडते. रस्त्यावर टोपली घेऊन बसणाऱ्या बाईशी गिऱ्हाईक वरून खाली बोलते आणि घासाघीसही वरूनच करते. ओट्यावर बसलेल्या बाईशी त्याला समोरासमोर बोलावे लागते. काही फुटांच्या या उंचीने विकणाऱ्याला जो मान दिला, तो मला मनोऱ्याहून मोठा वाटतो, आणि हे मी तीस वर्षे शिकवल्यानंतर नव्हे, एक चूक केल्यानंतर शिकलो.

ती चूक तुला सांगतो, कारण ती तू करू नयेस अशी माझी मनापासून इच्छा आहे. तरुणपणी गुजरातेतील एका लहान गावच्या भाजीबाजाराचा आराखडा मी केला होता. आराखडा मंजूर झाला, कौतुकही झाले. भरपूर उजेड यावा म्हणून मी छपरात हिरवट रंगाचे अर्धपारदर्शक पत्रे बसवले आणि ओटे सगळीकडे एकाच मापाचे, अंदाजाने ठरवलेल्या उंचीचे ठेवले. सहा महिन्यांनी सहज तिकडे गेलो, तर निम्म्या पत्र्यांखाली ताडपत्री बांधलेली होती. एका म्हाताऱ्या भाजीवालीने मला हाताला धरून तिच्या जागेवर नेले आणि एक टोमॅटो माझ्या हातात दिला. त्या हिरव्या उजेडात तो लालभडक टोमॅटो काळपट आणि शिळा दिसत होता. "गिऱ्हाईक हातात घेऊन परत ठेवते," एवढेच ती म्हणाली. नंतर तिने ओट्यावर चढण्यासाठी रचलेल्या विटा दाखवल्या. गुडघे धरलेल्या बाईला दिवसातून आठ-दहा वेळा चढउतार करावी लागते, हे माझ्या नकाशात कुठेही नव्हते. ज्यांच्यासाठी बांधले त्यांच्यापैकी एकीलाही मी कागदावर पेन्सिल टेकवण्यापूर्वी भेटलो नव्हतो. बाजार मी गिऱ्हाईक म्हणून पाहिला होता आणि छायाचित्रे काढणारा म्हणून पाहिला होता. त्या बाईचे नाव विचारण्याचेही मला सुचले नाही, याची खंत आजही आहे.

पुण्याच्या मंडईबाबत आणखी एक गोष्ट तुला ठाऊक असायला हवी. ज्योतीराव फुले पुण्याच्या नगरपालिकेचे सदस्य असताना त्यांनी मंडईच्या इमारतीवर एवढा मोठा खर्च करण्याला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणासाठी लावावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच इमारतीला महात्मा फुल्यांचे नाव दिले गेले. तू यापुढे सार्वजनिक पैशातून काहीही उभारशील, तेव्हा हा प्रश्न स्वतःला मोकळेपणाने विचार: या दगडाऐवजी या पैशातून दुसरे काय झाले असते? इमारत सुंदर आहे म्हणून त्या प्रश्नातून तिची सुटका होत नाही. मी स्वतः मंडईवर जीव टाकतो, तरीही तो विरोध मला खरा आणि योग्य वाटतो, आणि या दोन्ही गोष्टी मनात एकत्र ठेवायला मला बराच काळ लागला.

आपल्या बडोद्याचे तू काही लिहिले नाहीस, याचे थोडे वाईट वाटले. महानगरपालिकेचे दाखले घ्यायला तू खंडेराव मार्केटच्या इमारतीत किती तरी वेळा गेली असशील. सयाजीराव महाराजांनी १९०६ च्या सुमारास ती उभारली आणि तिला खंडेराव महाराजांचे नाव दिले. पुढच्या देखण्या भागात कचेऱ्या आहेत आणि भाजी, फळे, फुले यांचा बाजार मागच्या अंगाला भरतो. आपले न्यायमंदिर मुळात मंडई म्हणून योजले होते, असेही गावात जुने लोक सांगतात. तिथे पुढे कितीतरी वर्षे न्यायालय चालले. मंडईसाठी लागणारी उंची, उजेड आणि गर्दीला मोकळी वाट हे गुण इतर सार्वजनिक कामांनाही सोयीचे पडतात, हे त्याचे एक कारण असावे. मात्र कचेऱ्या पुढे आणि भाजी मागे, ही वाटणी मला पटत नाही. दिवाळीला आलीस की पहाटे माझ्याबरोबर चल. ट्रक रिकामे होण्याची आणि पाट्या वाहून नेण्याची वेळ आपण कचेरी उघडण्यापूर्वी गाठू. फुलवाल्यांकडे झेंडूचे ढीग लागलेले असतील, आणि हमाल डोक्यावर पाटी घेऊन ज्या वाटेने वळतो ती वाट किती रुंद आहे, हे आपल्याला टेपने मोजता येईल. हमालाला थांबवून मोजू नये. तो गेल्यावर मोजावे.

पण त्याआधी तुझ्याकडे एक काम देतो. मुलाखतीचे जे व्हायचे ते होईल. निकाल येईपर्यंत तू पुण्यातच आहेस. एखाद्या दिवशी सकाळी पुन्हा मंडईत जा, कॅमेरा पिशवीतच राहू दे. चौतिसाव्या छायाचित्रातली ती भाजीवाली शोध, तिच्याकडून मेथीची एक जुडी घे, आणि गर्दी ओसरली की विचार: मावशी, तुमच्या ओट्यावर ऊन किती वाजता येते आणि किती वाजता जाते? पावसाळ्यात पाणी कुठून गळते? दिवसातून किती वेळा गोणपाट भिजवावे लागते, आणि त्याचे पाणी कुठून आणता? ओटा तुमच्या मापाचा आहे का? ती हसेल, कदाचित आधी टाळेलही. तिने सांगितलेले तिच्याच शब्दांत वहीत उतरव आणि मला पाठव. तिचे नावही लिही.

तुझा,
सर