घोटा वर्षानुवर्षं मुरगळत असेल तर चालण्यात फरक पडतो का?

पडतो, पण चालणाऱ्याला तो सहसा जाणवत नाही. टाच टेकताना पाऊल किंचित आत वळलेलं राहतं आणि भार तळव्याच्या बाहेरच्या कडेवर जातो. म्हणूनच खडी किंवा फुटपाथची कड आली की पाय पुन्हा तसाच मुरगळतो. सैल पडलेलं लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा) हे अर्धंच कारण. पाऊल कसं पडतंय याची मेंदूला मिळणारी खबरही बिघडलेली असते. बऱ्याच जणांत गुडघा आणि खुबा मग सांभाळून घेतात.

नुसतं क्रेप बँडेज गुंडाळून (आपल्याकडे तेच जास्त चालतं) हे सुटत नाही. एका पायावर तोल धरणं, नडगीच्या बाहेरच्या स्नायूंना ताकद देणं हे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून काही आठवडे नेमाने करा. घोटा मध्येच अडकत असेल किंवा सूज उतरतच नसेल तर आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.