जेरोम, वुडहाउस यांसारखे जुने इंग्रजी विनोदी लेखक आजही का वाचले जातात?

ते वाचले जातात, कारण त्यांचे लेखन पक्के बांधलेले आहे. हे माझे उत्तर आहे आणि ते मी सौम्य करणार नाही. आपण प्रश्नाच्या खुलाशात असेही विचारले आहे की, इंग्रज उमराव आणि त्यांचे नोकरचाकर यांच्याशी आपला काडीचा संबंध नसताना ही आवड म्हणजे साहेबाच्या काळाची ओढ तर नव्हे? हाच आक्षेप मी एका सभेत समोरासमोर ऐकला आहे आणि त्यापायी चांगली पुस्तके रद्दीत जाताना पाहिली आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

मी काही वर्षे आमच्या तालुक्याच्या गावातील एका वाचनालयाच्या ग्रंथनिवड समितीवर होतो. जागा अपुरी पडू लागली तेव्हा पुस्तकांच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती संग्रहातून कायमची काढून टाकण्याचा, ठराव आला आणि त्याच्या यादीत इंग्रजी विभागातील एक आख्खे कपाट होते. जेरोमचे ‘थ्री मेन इन अ बोट’, ग्रोस्मिथ बंधूंचे ‘द डायरी ऑफ अ नोबडी’ आणि नारिंगी पाठीच्या पेंग्विन आवृत्तीतला बराचसा वुडहाउस त्यात होता. पुस्तके जुनी होती, पण जीर्ण नव्हती. समितीतील एक ज्येष्ठ निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळे गाव ‘सर’ म्हणते, त्यांनी ठराव मांडताना सांगितले की, रिकामटेकड्या लॉर्डांच्या पोरांच्या गोष्टी आपल्या गावात ठेवण्याचे कारण नाही. विनोदच वाचायचा तर आपले चिं. वि. जोशी आहेत. मी विचारले, “सर, यांतले कोणते पुस्तक आपण वाचले आहे?” त्यावर ते म्हणाले, “त्यासाठी वाचायला कशाला हवे? मुखपृष्ठावरची चित्रे पुरेशी आहेत.” ग्रंथपाल बाईंनी दबक्या आवाजात सांगितले की, महाविद्यालयातील मुले ही पुस्तके घरी नेतात, पण ते इतिवृत्तात नोंदले गेले नाही. ठराव मंजूर झाला. सभेत मला बोलायला जेमतेम वेळ मिळाला, म्हणून जे तेव्हा पूर्ण मांडता आले नाही ते येथे मांडतो.

लॉर्डांच्या गोष्टी हे वर्णन जेरोमला लागूच होत नाही. त्याचा जन्म 1859 साली वॉल्सॉल येथे झाला, वडिलांचे व्यवसाय बुडाले, आईवडील दोघेही लवकर गेले आणि पोरवयातच तो रेल्वेच्या नोकरीत रुळांकडेला सांडलेला कोळसा गोळा करण्याच्या कामाला लागला. ‘थ्री मेन इन अ बोट’ हे पुस्तक 1889 साली आले. टेम्स नदीवर सुट्टी घालवायला निघालेले तीन सामान्य तरुण, त्यांतला एक बँकेत नोकरीला, बरोबर एक कुत्रा, आणि अननसाचा डबा उघडायला हत्यार विसरल्यामुळे झालेले युद्ध, असे त्याचे स्वरूप आहे. त्या काळच्या प्रतिष्ठित समीक्षकांनी या पुस्तकावर झोड उठवली, ती त्यातली भाषा कारकुनांची आणि गावंढळ आहे म्हणून. ‘पंच’ या लंडनच्या विनोदी साप्ताहिकाने तर लेखकाच्या नावाचीच टवाळी केली. म्हणजे लंडनमध्ये जे पुस्तक फार खालच्या वर्गाचे म्हणून हिणवले गेले, तेच आमच्या सभेत फार वरच्या वर्गाचे म्हणून बाद झाले. वाचकांनी मात्र त्या समीक्षकांकडे लक्ष दिले नाही आणि पुस्तक आजतागायत छापले जात आहे.

‘द डायरी ऑफ अ नोबडी’ तर थेट एका कारकुनाचीच रोजनिशी आहे. ती 1888 पासून ‘पंच’मध्ये क्रमशः आली आणि 1892 साली पुस्तकरूपाने निघाली. चार्ल्स पूटर लंडनच्या हॉलोवे भागात रेल्वेलगतच्या भाड्याच्या घरात राहतो, कचेरीतल्या साहेबाच्या एका शब्दाने सुखावतो, मुलाच्या वागण्याने हवालदिल होतो. एकदा लाल रंगाचा डबा हाती लागताच तो घरातल्या वस्तू रंगवत सुटतो, शेक्सपिअरच्या पुस्तकांच्या पाठी रंगवतो, अंघोळीचे टबही रंगवतो. पुढे गरम पाण्यात तो रंग सुटतो आणि आपली रक्तवाहिनी फुटली या कल्पनेने त्याचा थरकाप उडतो. ज्याला चिमणराव आवडतो त्याला हा माणूस परका वाटणे अशक्य आहे. चिं. वि. जोशी आहेत म्हणून पूटर नको, हे म्हणणे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. उलट चिमणरावावर वाढलेला वाचक पूटरपाशी अर्ध्या वाटेवर पोहोचलेलाच असतो.

वुडहाउसकडे लॉर्ड आहेत, हे खरे. पण ते कोणत्या अवस्थेत आहेत हे पाहायला पुस्तक उघडावे लागते. ब्लँडिंग्ज किल्ल्याचा धनी लॉर्ड एम्सवर्थ आपल्या बहिणीला भितो आणि स्वतःच्या पगारी माळ्यापुढे त्याची वाचा बसते. 1928 सालच्या एका कथेत लंडनच्या गरीब वस्तीतून सहलीला आलेली एक लहान मुलगी त्याच्या बागेतली फुले तोडते, माळी संतापून धावत येतो, ती मुलगी घाबरून लॉर्डसाहेबांचा हात धरते आणि त्या इवल्या हाताच्या बळावर हा उमराव आयुष्यात प्रथमच आपल्या माळ्यासमोर ताठ उभा राहतो. ही सरंजामशाहीची आरती कोणत्या अर्थाने होते, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही. ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’ या 1938 च्या कादंबरीत तर इंग्लंडमधील फॅसिस्ट पुढारी ओस्वाल्ड मोझली याच्यावर बेतलेले पात्र काळ्या अर्ध्या चड्ड्या घातलेल्या अनुयायांसह वावरते आणि स्त्रियांच्या अंतर्वस्त्रांच्या दुकानाचे त्याचे गुपित हाती येताच त्याची सगळी मग्रुरी गळून पडते. महायुद्ध सुरू होण्याच्या आदल्या वर्षी हे लिहिले गेले.

आता मी वर जे ‘पक्के बांधलेले’ म्हटले त्याबद्दल. वुडहाउसने तरुणपणी न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर नाटककार गाय बोल्टन आणि संगीतकार जेरोम कर्न यांच्याबरोबर संगीत विनोदी नाटके केली आणि पात्राचा प्रवेश, त्याचे जाणे, वस्तूची पेरणी हे नाटकवाल्याचे शहाणपण त्याने कादंबरीत आणले. ‘राइट हो, जीव्ह्ज’ (1934) मधला शाळेचा बक्षीस समारंभ पाहा. समारंभात भाषण करण्याचे संकट कथानायक बर्टी वूस्टरच्या गळ्यात त्याच्या आत्याने टाकलेले असते. तो ते गसी नावाच्या अतिलाजाळू मित्रावर ढकलतो. या मित्राला धीर यावा म्हणून तो त्याच्या संत्र्याच्या रसात जिन मिसळतो, आणि गसीने तर धीर यावा म्हणून आधीच परस्पर मद्य घेतलेले असते. दुप्पट धीटपणा घेऊन गसी व्यासपीठावर चढतो आणि श्रोत्यांत सुखरूप बसलेल्या बर्टीवरच शाळकरी वयातल्या लबाडीचा जाहीर आरोप करतो. टाळलेली जबाबदारी टाळणाऱ्यावरच येऊन आदळते, आणि तिथपर्यंत नेणारी एकही कडी वाचकापासून लपवलेली नसते. उत्तम फार्स पाहिलेल्या मराठी प्रेक्षकाला या कारागिरीचे मोल समजावून सांगावे लागू नये.

काही गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. वुडहाउस 1940 साली फ्रान्समध्ये जर्मनांच्या हाती सापडला आणि नजरकैदेतून सुटल्यावर 1941 साली त्याने बर्लिनच्या रेडिओवरून भाषणे केली. त्यांत नाझी प्रचार नव्हता, पण ती करायला नको होती. ज्यांना त्याचा राग आला त्यांना मी दोष देत नाही. जॉर्ज ऑरवेलने 1945 साली त्याची बाजू मांडली, ती वाचून आपण आपले मत बनवावे. ‘थँक यू, जीव्ह्ज’मध्ये कृष्णवर्णीयांविषयीचे जे शब्द येतात ते आज बोचतात आणि बोचलेच पाहिजेत. शिवाय त्याने नव्वदाहून अधिक पुस्तके लिहिली. उतारवयातल्या पुस्तकांत तीच बांधणी विरळ झालेली दिसते. जेरोमही मधूनच नदीच्या सौंदर्यावर पल्लेदार लिहू लागतो. ती पाने सोडून दिली तरी चालेल.

सुरुवात जेरोमपासून करावी, मग पूटर, मग ‘राइट हो, जीव्ह्ज’. शेक्सपिअर किंवा बायबलमधला प्रत्येक संदर्भ शोधत थांबू नये, वाचत पुढे जावे. आणि पुस्तक विकत घेण्याआधी आपल्या वाचनालयात मागावे, नसेल तर मागणी लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. ग्रंथपालांनी तोंडी सांगितलेले कोणालाही बाजूला सारता येते. वाचकाच्या सहीचा कागद सभेपुढे ठेवावाच लागतो.