मॉल मॅनेजमेंटचा कोर्स घ्यावा का?

पत्र: माझी मुलगी वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्षभर शनिवार-रविवारी ती एका मॉलमधल्या कपड्यांच्या दुकानात काम करते आणि ते काम तिला मनापासून आवडतं. आता तिला रिटेल आणि मॉल मॅनेजमेंटचा दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स करायचा आहे. फी कर्ज काढूनच भरावी लागेल. पण मॉल ओस पडत चालल्याच्या बातम्या मी वाचतो. तिच्या मॉलच्या वरच्या मजल्यावरचीही बरीच दुकानं बंद झाली आहेत, असं ती सांगते. नातेवाईक म्हणतात, बुडत्या धंद्यात पोरीला कशाला ढकलता? तिला अडवावं का? त्यापेक्षा ऑनलाइन विक्रीच्या क्षेत्रात पाठवावं का? – एक वडील

उत्तर:

सस्नेह नमस्कार.

तिला अडवू नका. मात्र नुसतं नाव बघून या कोर्सला प्रवेशही घेऊ नका. त्यात नेमकं काय शिकवतात ते आधी पाहा. कारण ‘मॉल चालवणं’ या नावाखाली दोन अगदी वेगळ्या प्रकारची कामं येतात. एक म्हणजे दुकानातली विक्री, ते आटत चाललंय. दुसरं म्हणजे जागा आणि इमारत सांभाळणं, त्याची गरज राहतेच.

तुमची काळजी मी समजू शकते. मॉलचा जन्म अमेरिकेत झाला आणि पडझडही सगळ्यात जास्त तिथेच दिसते. सिअर्स ही एकेकाळी तिथली सर्वांत मोठी किरकोळ विक्री करणारी कंपनी होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. मे २०२० मध्ये जेसी पेनीवर तीच वेळ आली. या दोन्ही कंपन्यांची भली मोठी दुकानं देशभरातल्या शेकडो मॉलमध्ये होती, त्यामुळे हा धक्का फक्त त्या दोघींपुरता राहिला नाही.

नातेवाईक बहुधा याचं सगळं खापर ऑनलाइन खरेदीवर फोडत असतील. पण २०२४ मध्येसुद्धा अमेरिकेतल्या एकूण किरकोळ विक्रीत ऑनलाइनचा वाटा साधारण १६ टक्केच होता. म्हणजे विक्रीचा फार मोठा भाग अजूनही दुकानांतूनच होतो. मग मॉल का पडले? एक कारण सरळ आहे: गरजेपेक्षा फार जास्त बांधले गेले. दुसरं कारण भाड्याच्या व्यवस्थेत आहे आणि ते तुमच्या मुलीने नीट समजून घ्यावं असं मला फार वाटतं.

मॉलच्या टोकांना एक-दोन अवाढव्य दुकानं असतात. या धंद्यात त्यांना अँकर म्हणतात. गर्दी अँकर खेचतो, म्हणून त्याला जागा अगदी कमी दराने मिळते. मॉलचं खरं भाडं भरतात ती मधली छोटी दुकानं. या छोट्या दुकानांच्या लीजमध्ये, म्हणजे भाडेकरारात, अनेकदा को-टेनन्सीचं कलम असतं. अँकर निघून गेला किंवा चालू दुकानांचं प्रमाण ठरलेल्या टक्क्यांच्या खाली घसरलं, तर भाडं कमी देण्याची किंवा लीज मोडून बाहेर पडण्याची मुभा हे कलम देतं. आता एक अँकर गेला असं समजा. त्याची जागा रिकामी होतेच, शिवाय उरलेली दुकानंही कलमावर बोट ठेवून भाडं कमी करून मागतात. मालकाचं उत्पन्न घटलं की तो देखभालीला हात आखडता घेतो. सरकता जिना बंद पडला तर आठवडेच्या आठवडे तसाच राहतो, एसी दुपारनंतरच लावतात, मागच्या बाजूचे दिवे काढून टाकतात. गिऱ्हाईक आणखी कमी होतं, मग आणखी कोणीतरी ते कलम वापरतं. वरचा मजला असा रिकामा होतो. तुमच्या मुलीच्या मॉलमध्ये हेच घडतंय की दुसरं काही, हे तिला शोधून काढता येईल. कसं ते पुढे सांगते.

आणि हे सगळ्याच मॉलचं होत नाही. चांगल्या जागेवरचे, पैसा ओतून सांभाळलेले मॉल आजही गजबजलेले असतात. मार बसतोय तो मधल्या आणि खालच्या दर्जाच्या मॉलना.

आता मुख्य गोष्ट. मॉल बंद पडला म्हणजे त्यातला व्यापार थांबतो. इमारत, जमीन, वीजजोडणी, रस्ते, पार्किंग हे सगळं जागेवरच असतं, त्याचे कर आणि हप्तेही चालू असतात. त्याचं पुढे काय करायचं हे कोणालातरी ठरवावं लागतं आणि खरं काम तिथून सुरू होतं.

याची काही उदाहरणं देते. अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरातला हायलँड मॉल १९७१ मध्ये उघडला. धंदा बसल्यावर तो तिथल्या कम्युनिटी कॉलेजने घेतला. २०१४ मध्ये जेसी पेनीच्या जुन्या दुकानात वर्ग सुरू झाले. कपडे आणि भांडी विकली जायची त्याच मोकळ्या मजल्यावर सहाशेहून जास्त संगणकांची अभ्यासिका उभी राहिली. नॅशव्हिलमधल्या वन हंड्रेड ओक्स मॉलचा वरचा मजला २००९ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राने दवाखान्यांसाठी घेतला, खाली दुकानं चालूच राहिली. क्लीव्हलँडजवळचा रँडल पार्क मॉल १९७६ मध्ये उघडला तेव्हा जगातला सर्वांत मोठा म्हणून मिरवला गेला. तो २००९ मध्ये बंद झाला, पुढे पाडला गेला आणि २०१८ मध्ये त्या जागेवर ॲमेझॉनचं गोदाम सुरू झालं. कोलोरॅडोतल्या लेकवूडमध्ये व्हिला इटालिया हा मॉल पाडून रस्ते, घरं, कार्यालयं आणि दुकानं असलेली बेलमार नावाची वस्ती वसवली गेली.

कॉलेज, दवाखाना, गोदाम, वस्ती. चार ठिकाणी चार उत्तरं आहेत आणि प्रत्येकाची कारणं वेगळी आहेत. कुठे काय चालेल हे ओळखणं हेच या क्षेत्रातलं कौशल्य.

अँकर दुकानाच्या इमारतीचं उदाहरण घ्या. मजला भरपूर खोल असतो, खिडक्या जवळपास नसतात, छत उंच असतं, खांब एकमेकांपासून दूर असतात. विजेचा पुरवठा भक्कम आणि पार्किंग प्रशस्त. दवाखान्याला यातलं बरंच सोयीचं पडतं, कारण तपासणीच्या खोलीला खिडकी नसली तरी भागतं. अडचण येते पाण्याची. मॉलमध्ये नळ आणि ड्रेनेज एका कोपऱ्यातल्या स्वच्छतागृहांपुरतं असतं आणि दवाखान्यात तर खोलीखोलीत बेसिन लागतं. घरांसाठी हीच इमारत फार कठीण, प्रत्येक घराला उजेड-वारा कुठून आणायचा? म्हणून घरं बहुतेकदा पार्किंगच्या जागेवर किंवा इमारत पाडून बांधतात. मोठ्या गोदामाला जास्त वजन पेलणारी सलग जमीन आणि ट्रकसाठी ऐसपैस जागा लागते, म्हणून तिथेही पाडकामच बरं पडतं.

व्हरमाँटमधल्या बर्लिंग्टनचं हायस्कूल मला याबाबतीत फार बोलकं वाटतं. जुन्या शाळेच्या इमारतीत पीसीबी ही घातक रसायनं सापडली म्हणून ती बंद करावी लागली आणि २०२१ मध्ये शाळा मेसीज या कंपनीच्या रिकाम्या मोठ्या दुकानात भरू लागली. मुलं सरकत्या जिन्याने वर्गात जाऊ लागली. पण वर्गांमधल्या भिंती छतापर्यंत पोचत नव्हत्या, त्यामुळे शेजारच्या वर्गातला आवाज या वर्गात ऐकू यायचा. शिवाय खिडक्यांची वानवा. थोडक्या दिवसांत शाळा उभी करणाऱ्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं. तरीही आवाज, उजेड, हवा, आगीच्या वेळी बाहेर पडायच्या वाटा हे प्रश्न आधीच ओळखणारा माणूस अशा कामात किती मोलाचा ठरेल, हे यातून कळतं.

इमारतीपेक्षाही चिवट प्रश्न मालकीचा असतो. बाहेरून एकसंध दिसणारा मॉल कागदावर अनेकदा तुकड्यातुकड्यांत असतो. अँकरची इमारत अँकरच्याच मालकीची, मधला भाग दुसऱ्याचा, पार्किंगवर सगळ्यांचा वापराचा हक्क. पार्किंगमध्ये काय बांधायचं नाही, दुकानाची पाटी रस्त्यावरून दिसली पाहिजे, अशा अटी दशकांपूर्वीच्या करारांत लिहिलेल्या असतात. एका पक्षाने सही नाकारली तर सगळं अडतं. ओस पडलेले मॉल वर्षानुवर्षं तसेच का पडून असतात, याचं उत्तर पुष्कळदा या करारांत सापडतं. हे करार वाचून, कुठली अट कधी संपते आणि कोणाशी काय बोलणी करावी लागतील हे सांगू शकणारा माणूस कोणत्याही मालकाला हवा असतो. वाणिज्य शाखेची पायाभरणी असलेल्या मुलीला हे काम नक्की जमेल.

थोडा इतिहासही सांगते, तिला तो आवडेल. बंदिस्त, वातानुकूलित मॉलचा पहिला नमुना म्हणून मिनेसोटातल्या साउथडेलचं नाव घेतलं जातं. तो १९५६ मध्ये उघडला. त्याचे वास्तुरचनाकार व्हिक्टर ग्रूएन मूळचे व्हिएन्नाचे. मॉलभोवती घरं, शाळा, दवाखाने, बाग असं सगळं असावं ही त्यांची मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात मॉल बांधला गेला, बाकीचं बरंचसं राहिलं, आणि पुढे अमेरिकाभर नुसती दुकानांची पेटी आणि तिच्याभोवती पार्किंग एवढाच भाग उचलला गेला. उतारवयात ग्रूएन यांनी अशा मॉलशी आपलं नातं जाहीरपणे नाकारलं. आज त्याच साउथडेलच्या आवारात राहायच्या इमारती आल्या आहेत आणि जेसी पेनीच्या जागी मोठं व्यायामकेंद्र आहे. मॉलच्या जागी काय येईल, या प्रश्नाचं माझ्या मते सर्वांत संभाव्य उत्तर हेच: एकाच जागी राहणं, शिकणं, उपचार आणि थोडी दुकानं. खरेदी त्यात असेल, पण सगळ्याचा भार तिच्यावर नसेल.

मग मुलीने काय शिकावं? काउंटरवरची विक्री, मांडणी, दुकानाचा व्यवस्थापक होणं हा रस्ता अरुंद होत चाललाय. चांगल्या मॉलमध्ये तो राहील, पण त्यासाठी कर्ज काढून दोन वर्षं घालवू नयेत, ते तर ती आत्ताही कामावर शिकतेच आहे. लीज आणि मालमत्तेचे कायदे, मालमत्तेचा हिशेब, इमारतीच्या यंत्रणा – वीज, एसी, अग्निसुरक्षा, लिफ्ट – आणि जागेचा वापर बदलताना लागणाऱ्या परवानग्या: हे विषय कोर्समध्ये असतील तर तो घ्यावा. मॉल असो, रुग्णालय असो, विमानतळ किंवा विद्यापीठाचा परिसर असो, हे ज्ञान सगळीकडे चालतं. अभ्यासक्रमात फक्त ब्रँडिंग, ग्राहकसेवा आणि सजावट असेल, तर तो सोडावा आणि फॅसिलिटी मॅनेजमेंट (इमारतीची व्यवस्था सांभाळणं) किंवा रिअल इस्टेट मॅनेजमेंटचा कोर्स शोधावा.

ऑनलाइन विक्रीबद्दल एवढंच सांगेन: तिकडेही उत्तम कामं आहेत, पण केवळ भीतीपोटी तिकडे पाठवू नका. माणसं जागेत कशी वावरतात याची जिला आवड आहे, तिला दिवसभर स्क्रीनसमोर बसवून ती खुलेल असं मला वाटत नाही.

प्रवेश घेण्याआधी तिला महिनाभर एक काम करू द्या. ज्या मॉलमध्ये ती काम करते त्याचा साधा नकाशा काढावा. प्रत्येक गाळ्यावर आत्ता काय आहे, आधी काय होतं, बंद असेल तर कधीपासून, हे लिहावं. जुने सुरक्षारक्षक आणि सफाई कर्मचारी यांना हे बरोबर आठवतं, त्यांना आदराने विचारावं. आधी मोठं दुकान गेलं का छोटी दुकानं, हे तारखांवरून कळेल. मग मॉलच्या फॅसिलिटी मॅनेजरची अर्ध्या तासाची वेळ मागावी आणि रिकाम्या मजल्यावर दवाखाना किंवा अभ्यासिका काढायची तर काय काय बदलावं लागेल, हे विचारावं. या कामात तिला रस वाटला तर कोर्सच्या मुलाखतीतही हा नकाशा कामी येईल. कंटाळा आला, तर तेही कर्ज काढण्याआधी कळलेलं बरं.

कर्जाचा निर्णय त्यानंतर घ्या. संस्थेला विचारा की गेल्या दोन-तीन तुकड्यांतली मुलं प्रत्यक्ष कोणत्या पदांवर लागली. कंपन्यांची नावं पुरेशी नाहीत, पदं विचारा. सगळी उत्तरं ‘सेल्स’ आणि ‘स्टोअर’ यांपाशीच थांबत असतील, तर त्या फीसाठी कर्ज काढू नका. सांगायला टाळाटाळ झाली, तरीही नको.

नकाशा झाला की त्याचा फोटो आणि कोर्सची विषयसूची मला पाठवा, मी नक्की बघेन. ते पत्र मात्र तिला लिहू द्या. तिला या कामातलं नेमकं काय आवडतं, हे मला तिच्याकडूनच ऐकायचं आहे.