प्रश्न तुमचे : शब्द पाठ होतात, पेपरात दगा देतात

प्रश्न : मी बारावीत आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम. सीयूईटी या पदवी प्रवेश परीक्षेच्या इंग्रजीसाठी हजार शब्दांची यादी घेऊन रोज 40 पाठ करते. पंधरा दिवसांनी मागचं पान उघडलं की निम्मे शब्द अनोळखी. जे आठवतात तेही सराव परीक्षेत चुकतात. (विद्यार्थिनी, महाल)

उत्तर : आधी ते रोजचे 40 बंद कर. दिवसाला आठ पुरेत, तेही आठवड्यातून पाचच दिवस. वीस आठवड्यांत 800 होतात. उरलेल्या दोन दिवसांत नवा शब्द घ्यायचा नाही, फक्त उजळणी.

यादी ओळीने पाठ केली की वरचा शब्द खालच्याची आठवण करून देतो. पेपरात तो वरचा शब्द नसतो. म्हणून सुटी कार्डं कर. जाड कागदाची, पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची. पुढे फक्त शब्द. मागे मराठी अर्थ, आणि तो शब्द जिथे भेटला तिथलं वाक्य जसंच्या तसं.

अर्थ लिहिताना मात्र छटा पकड. तुझे येणारे शब्द चुकतात ते बहुधा इथेच. फ्रूगल, पार्सिमोनियस आणि मायझर्ली या तिन्हींपुढे बाजारातल्या याद्या 'कंजूष' लिहून मोकळ्या होतात. आता आपल्या घरातलं बोलणं आठव. एखाद्या बाईला काटकसरी म्हटलं तर ते कौतुक, तिचा हात आखडता आहे म्हटलं तर कुरकुर, आणि कवडीचुंबक म्हटलं तर भांडण. फ्रूगल म्हणजे काटकसरी, पार्सिमोनियस म्हणजे हात आखडता, मायझर्ली म्हणजे कवडीचुंबक. प्रश्नात फ्रूगल असेल आणि पर्यायांत थ्रिफ्टी व स्टिंजी दोन्ही असतील, तर 'कंजूष' पाठ केलेली मुलगी स्टिंजीवर खूण करणार. मराठी माध्यम ही इथे अडचण नाही, उलट छटांचं भांडवल तुझ्याकडे तयार आहे.

कार्डं फिरवायला पाच कप्प्यांचा डबा कर (ही रीत लाइटनर या जर्मन पत्रकाराने 1972 मध्ये मांडली). पहिला कप्पा रोज, दुसरा तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा पंधरवड्याने, पाचवा महिन्याने. अर्थ आला की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठूनही थेट पहिल्यात. कार्ड उलटण्याआधी अर्थ तोंडाने म्हणायचा. मनात म्हटलं की उत्तर पाहून 'हो, हेच तर म्हणत होते' अशी स्वतःची फसवणूक होते आणि कच्चं कार्ड पुढे सरकतं.

दिसायला सारखे शब्द एका दिवशी घेऊ नकोस. इनजीनियस म्हणजे कल्पक, इनजेन्युअस म्हणजे भाबडा. दोन्ही एकदम घेतले की कायमची अदलाबदल होते. पहिला चौथ्या कप्प्यात पोहोचल्यावरच दुसरा घे. खूण हवी असेल तर पहिल्यात 'जीनियस'सारखाच 'एन'नंतर 'आय' येतो, दुसऱ्यात 'यू'.

प्रश्न : मला क्लॅट ही विधी प्रवेश परीक्षा देऊन आपल्या नागपूरच्याच राष्ट्रीय विधी विद्यापीठात जायचं आहे. क्लॅटला सुटे शब्द विचारत नाहीत, मग पाठांतर सोडून दिलं तर चालेल? आणि धातू शिकून शब्द ओळखता येतात हे खरं का? (विद्यार्थी, हिंगणा)

उत्तर : 120 प्रश्नांत इंग्रजीचे साधारण 22 ते 26, आणि तेही सुमारे 450 शब्दांच्या उताऱ्यांवर. शब्द विचारतात, पण उताऱ्यातल्या वापरासकट. त्यामुळे डबा निम्मा चालेल. दुसरी निम्मी मेहनत अंदाज बांधण्यावर घे.

उताऱ्यात असं वाक्य आहे समज : 'द मिनिस्टर्स रिप्लाय वॉज लॅकॉनिक : टू वर्ड्स, अँड ही सॅट डाउन.' पर्याय न पाहता 'लॅकॉनिक'वर बोट ठेव आणि तिथे आपला मराठी शब्द बसव. दोन शब्द बोलून बसला, म्हणजे उत्तर 'मोजकं', 'त्रोटक'. आता पर्याय पाहा : अँग्री, टर्स, पोलाइट, इव्हेसिव्ह. टर्सच. आधी पर्याय वाचले असते तर मंत्री रागावून बसला असं वाटून अँग्री पटलं असतं. (लॅकॉनिया हा स्पार्टाचा मुलूख. तिथले लोक मितभाषी म्हणून प्रसिद्ध होते.)

ओळखीच्या शब्दांना जास्त भी. सँक्शन म्हणजे मंजुरी, आणि सँक्शन म्हणजे निर्बंधही. वाक्य पाहिल्याशिवाय खूण नको.

धातू उपयोगी आहेत, पण बेताने. 'लोक्व' म्हणजे बोलणं हे कळलं की एलोक्वंट, लोक्वेशस, कलोक्वियल एका माळेत येतात. मात्र 'इन' दिसला की नकार समजणारे फसतात : इनव्हॅल्युएबल म्हणजे अमूल्य, आणि इन्फ्लेमेबल म्हणजे चटकन पेट घेणारं. एनर्व्हेट ऐकायला जोमदार वाटतो, अर्थ मात्र शक्ती काढून घेणं. तीसेक धातू शीक, त्यापुढे वेळ घालवू नकोस.

चूक झाली की पाव गुण जातो. चारपैकी दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील तर प्रश्न सोडू नकोस, सरासरी फायद्याचीच आहे.

प्रश्न : मुलगा मोबाइलवरच शब्द शिकतो. ते बरं की वही? वर्तमानपत्र लावावं का? (पालक, कामठी)

उत्तर : अँकी हे ॲप वरच्या डब्याचंच काम करतं आणि अँड्रॉइडवर फुकट आहे. फक्त दुसऱ्याने बनवलेला तयार संच उतरवू देऊ नका, कार्डं त्याने स्वतः भरावीत. वर्तमानपत्र जरूर लावा. 1911 पासून नागपुरात निघणारा इंग्रजी हितवाद घरी येत असेल तर वेगळं काही नको. रोज अग्रलेखाच्या पानावरचा एकच लेख, आणि त्यातले जास्तीत जास्त पाच शब्द. पहिल्या वाचनात पेन्सिलने खूण, शब्दकोश दुसऱ्या वाचनात. शब्दकोश उघडल्यावर उच्चारही ऐकायला सांगा : एपिटोम नव्हे एपिटमी, आणि सटलमधला 'बी' मुका.