सातभाई चरताना सारखे आवाज का करत असतात?

आपला प्रश्न असा आहे की, धोका किंवा भांडण नसतानाही सातभाई चरता चरता सारखे आवाज का काढतात आणि त्याला ‘बोलणे’ म्हणावे का. मी बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. सकाळी कमाटीबागेत फिरायला गेलो की सहा ते दहा सातभाईंचे टोळके पाचोळ्यात हमखास दिसते (आमचे गुजराती शेजारी त्यांना लेलां म्हणतात).

लांबवर जो कलकलाट ऐकू येतो, तो बहुधा भांडणाचा किंवा मांजर दिसल्याचा असतो. बाकावर स्वस्थ बसून राहिलात तर पाने उलटता उलटता प्रत्येक पक्षी मधूनमधून काढत असलेला बारीक, तुटक आवाज ऐकू येईल. तीच संपर्काची हाक. पाचोळ्यात चोच घातलेल्या पक्ष्याला सोबती दिसत नाहीत, परंतु ते कानांनीच कळत राहिले तर मान वर करण्यात खाण्याचा वेळ जात नाही. असा आवाज एकदम सुरू होतो आणि त्यात उंच-खालचे अनेक स्वर मिसळलेले असतात, म्हणून त्याची दिशा चटकन कळते. याउलट ससाणा दिसल्यावर अनेक लहान पक्षी जी बारीक, लांबट शीळ घालतात, ती कुठून आली हे ओळखणे अवघड जाते, आणि त्या वेळी तेच सोयीचे असते.

अंतर वाढले की आवाजाची घडणही बदलते. हत्तींच्या दूरच्या हाकांतील मुख्य स्वर 20 हर्ट्झच्या खाली, म्हणजे आपल्या कानांच्या आवाक्याबाहेर असतो. इतका खालचा आवाज झाडीत फारसा न विरता काही किलोमीटर जातो. डॉल्फिनची तर प्रत्येकाची स्वतःची शीळ असते, आणि तिची नक्कल ऐकवल्यावर ते प्रतिसाद देतात, असे स्टेफनी किंग व व्हिन्सेंट जॅनिक यांनी 2013 मध्ये दाखवले.

तरीही ‘बोलणे’ हा शब्द मी जपून वापरीन. बोत्स्वानातील ओकावांगो भागात डोरोथी चेनी आणि रॉबर्ट सेफार्थ यांनी बबून माकडांचा अभ्यास केला, तेव्हा असे आढळले की चुकलेल्या नातेवाइकाची हाक ऐकूनही कळपाच्या मध्यभागी असलेली मादी सहसा ओ देत नाही. ती स्वतः मागे पडू लागली असेल तरच हाक देते. म्हणजे ऐकणाऱ्याला ठावठिकाणा कळतो खरा, पण तो कळवावा असा हाक देणारीचा हेतू असतोच असे नाही.

परवा मेंदीच्या कुंपणामागे एक सातभाई एकटा राहिला. त्याने मान उंचावून दोन-तीनदा मोठ्याने हाक दिली, पलीकडच्या कडुनिंबाखालून आवाज आला, आणि तो जमिनीलगत तरंगत तिकडे गेला. पाहणाऱ्याला हे सरळ सवालजबाबासारखे वाटले असते. मात्र कडुनिंबाखालचा तो आवाज त्याने हाक देण्याच्या आधीपासून चालूच होता.