कप हातात घेण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद,

तुझा मेसेज बेकर्सफिल्डला डिझेल भरताना वाचला. 'काका, कॉलेजात गांजा ओढायचो, आता ट्रक चालवायची नोकरी मिळेल का?' एवढं विचारायला केवढे आढेवेढे! मिळेल. नोकरीआधी नशेची लघवी तपासणी होते, पण दोन वर्षांपूर्वीचे झुरके त्यात सापडत नाहीत. पण शेवटी हळूच लिहिलंयस, गेल्या महिन्यात पार्टीत गमी, म्हणजे गांजाची गोड गोळी, खाल्ली म्हणून. खरी अडचण ती आहे.

कॅलिफोर्नियात 2016च्या मतदानापासून गांजाला मोकळीक आहे, पण सीडीएलचा, म्हणजे ट्रकच्या व्यावसायिक लायसन्सचा, मामला फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा. डॉक्टरची चिठ्ठी दाखवलीस तरी पॉझिटिव्ह ते पॉझिटिव्हच. 'नुसतं सीबीडीचं (गांजाच्याच झाडातलं, नशा न आणणारं) तेल घेतलं होतं' म्हणणाऱ्यांचंही कोणी ऐकत नाही.

कधीमधी घेणाऱ्याच्या लघवीत गांजा काही दिवस राहतो, रोजच्या गड्याच्या महिनाभर, कधी जास्तही. शिवाय काही मोठ्या कंपन्या केस तपासतात. दीड इंच केसात तीन महिन्यांचा हिशेब निघतो. तेव्हा पूर्ण बंद कर, चार महिने परमिटचा, म्हणजे शिकाऊ लायसन्सचा, अभ्यास कर, मग अर्ज टाक. बाजारातले 'डिटॉक्स'चे काढे पिऊन हात दाखवून अवलक्षण करू नकोस.

माझ्या पहिल्याच वर्षी रँडममध्ये, म्हणजे अचानक होणाऱ्या तपासणीत, नाव आलं. लघवीत पाणी मिसळता येऊ नये म्हणून टॉयलेटमधलं पाणी निळं, नळ बंद, बाहेर बाई घड्याळ बघत उभी. लघवी लागते 45 मिली, माझी निघाली चमचाभर. लोडला उशीर होत होता, मी जॅकेट उचललं. ती शांतपणे म्हणाली, 'दाराबाहेर गेलास की रिफ्यूजल लिहीन.' रिफ्यूजल म्हणजे टेस्टला नकार, म्हणजे नापासच. तीन तासांची मुदत असते. पाणी पीत बसलो, अडीच तासांनी सुटलो. डिस्पॅचर, म्हणजे कंपनीत बसून गाड्या पाठवणारा, फोनवर बोंबलत होता, बोंबलू दिला. नोकरीआधीच्या टेस्टला मात्र कप हातात पडेपर्यंत मागे फिरता येतं. एकदा घेतलास की नाही.

नापासाची नोंद 2020पासून क्लिअरिंगहाऊसमध्ये, म्हणजे ड्रायव्हरांच्या नशेच्या नोंदींच्या फेडरल यादीत, जाते, निदान पाच वर्षं राहते. नोव्हेंबर 2024पासून तर राज्य सीडीएलच काढून घेतं. परत मिळवायची तर आधी तज्ज्ञाकडून तपासणी, तो सांगेल ते उपचार, मग कोणीतरी समोर उभं राहून घेतलेली टेस्ट, आणि पुढच्या वर्षभरात किमान सहा अचानक. एवढं करून आलेल्याला घेणाऱ्या कंपन्याही थोड्याच.

आता तुझ्यापुरतं. ड्रायव्हरच्या वैद्यकीय तपासणीच्या फॉर्मवर गेल्या दोन वर्षांत बेकायदा नशा केली का, असा प्रश्न असतो. खोटं लिहायचं नाही. पण तू ग्रीन कार्डावर आहेस, आणि गांजाची कबुली फेडरल कायद्यात नागरिकत्वाच्या आड येऊ शकते. म्हणून फॉर्म भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेट. फी जड वाटली तर मी देतो, पहिल्या पगारातून फेड.

फोन रात्री आठनंतर कर, तेव्हा गाडी उभी असते.

तुझा काका